गावची खूण आणि यंत्राची वाट

कृष्णा नदी महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते आणि वाई व कराड मागे टाकून सांगलीच्या सखल प्रदेशात उतरते. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांना जोडणारा हा सर्वांत जुना धागा होय. सन १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. प्रशासनाच्या सोयीसाठी जिल्ह्याची हद्द बदलली; तथापि दोन्हीकडच्या शेतकऱ्याच्या मनात हद्द म्हटली की आजही बांध, बांधावरचे झाड आणि शिवेवरचा दगड हेच उभे राहतात. जागा ओळखावयाची ती खुणेवरून, हे शहाणपण या प्रदेशाला नवे नाही.

हेच शहाणपण यंत्राला कसे शिकवावे, हा गेल्या चार दशकांतील यंत्रविज्ञानाचा एक मोठा प्रश्न ठरला आहे. माणसाने न हाकता स्वतः चालणारे यंत्रमानव, स्वतः उडणारे ड्रोन आणि चालकावाचून धावणारी वाहने यांच्यासंबंधी वर्तमानपत्रांतून बरेच छापून येते. त्यांच्या वेगाचे आणि चपळाईचे कौतुक होते. परंतु ही यंत्रे आपली वाट कशी ओळखतात, याचा उलगडा क्वचितच केला जातो. ग्रामपंचायतीचे सदस्य, शिक्षक आणि शासकीय अधिकारी यांना हा उलगडा होणे आता अगत्याचे झाले आहे. कारण यंत्राने काढलेला नकाशा आज गावाच्या दप्तरात दाखल होत असून, त्याच्या आधारे कुटुंबांच्या मिळकतीची नोंद होत आहे.

अनोळखी जागेतील दुहेरी प्रश्न

एखाद्या माणसास पूर्वी कधीही न पाहिलेल्या वाड्यात काळोख्या रात्री सोडले, तर तो काय करील? तो हाताने भिंत चाचपील, पावले मोजील, कोनाडा किंवा खांब लागला की ध्यानात ठेवील. खांबाची जागा सांगावयाची तर आपण कोठे उभे आहोत हे ठाऊक हवे. आणि आपण कोठे उभे आहोत हे सांगावयाचे तर खांबाची जागा ठाऊक हवी. एकाचे उत्तर दुसऱ्यावर अवलंबून आणि दुसऱ्याचे पहिल्यावर, असा हा पेच आहे.

यंत्रापुढेही नेमका हाच पेच असतो. स्वतःची जागा ठरविणे आणि भोवतालचा नकाशा तयार करणे ही दोन्ही कामे त्याला एकाच वेळी, चालता चालता करावी लागतात. या पद्धतीस तंत्रज्ञ मंडळी 'स्लॅम' या संक्षिप्त नावाने ओळखतात. मराठीत तिला 'सहकालिक स्थाननिश्चिती व नकाशांकन' असे म्हणता येईल. सन १९८६ मध्ये अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या यंत्रमानवविषयक परिषदेच्या सुमारास या प्रश्नाचा गणिती अंगाने विचार सुरू झाला. रँडल स्मिथ व पीटर चीझमन यांनी जागेविषयीची अनिश्चितता मोजण्याची रीत मांडली आणि पुढे १९९५ मध्ये ह्यू ड्युरंट-व्हाइट व त्यांच्या सहकाऱ्यांच्या लेखनातून 'स्लॅम' हे नाव रूढ झाले.

येथे कोणी विचारील की, आकाशात उपग्रह असताना यंत्राला चाचपडण्याचे कारण काय? कारण साधे आहे. उपग्रहाचा संकेत फार क्षीण असतो. खंबाटकीच्या बोगद्यात, कोयनेच्या भूमिगत वीजगृहात, सह्याद्रीच्या दाट रानात तो पोहोचत नाही किंवा अडखळत पोहोचतो. शिवाय हातातील साध्या भ्रमणध्वनीवर मिळणारे स्थान मोकळ्या आकाशाखालीसुद्धा काही मीटरने चुकते. आपल्याकडील एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा, म्हणजेच सुमारे १० मीटर चौरस. पाच मीटरची चूक म्हणजे गुंठ्याच्या रुंदीचा अर्धा भाग झाला. शेतात वाट शोधण्यास एवढी अचूकता पुरेल. घराची भिंत ठरविण्यास ती मुळीच पुरणार नाही.

साखळीपासून उपग्रहापर्यंत

या नव्या शास्त्राचे मूळ जुन्या मोजणीत आहे. मुंबई इलाख्यातील जमीन महसुलाची पद्धतशीर मोजणी सन १८३५ मध्ये पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी सुरू केली. तेथे बसलेली पद्धत पुढे इलाखाभर पसरली. या मोजणीची साखळी ३३ फुटांची असे आणि तिचे १६ आणे पाडलेले असत. एक साखळी लांब व एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर, हा हिशेब खेड्यापाड्यांत आजही तोंडपाठ आहे.

साखळीनंतर प्लेन टेबल आले. तीन पायांवर ठेवलेला सपाट फलक, त्यावर कागद आणि नेम धरण्याची पट्टी, एवढ्या साहित्यावर भूकरमापकांच्या कित्येक पिढ्यांनी काम केले. एखाद्या नव्या जागी फलक मांडला की, प्रथम ज्यांची जागा कागदावर आधीच ठरलेली आहे अशा तीन दूरच्या खुणांकडे नेम धरावयाचा; त्या रेषा जेथे मिळतील ती आपली जागा. मग त्या जागेवरून नवे बांध, नव्या विहिरी, नवी झाडे कागदावर घ्यावयाची आणि पुढच्या मुक्कामी त्यांतल्याच काही खुणांचा आधार घ्यावयाचा. खुणेवरून स्वतःची जागा आणि स्वतःच्या जागेवरून नवी खूण, हा क्रम म्हणजेच स्लॅमचा क्रम होय. भूकरमापक जे मुक्कामागणिक करीत असे, ते यंत्र आज एका सेकंदात अनेकदा करते.

देशपातळीवरही हाच विचार होता. विल्यम लॅम्बटन यांनी सन १८०२ मध्ये मद्रासजवळ एक पायारेषा अत्यंत काळजीपूर्वक मोजली आणि तिच्यावर त्रिकोणांमागून त्रिकोण रचीत भारताच्या त्रिकोणमितीय मोजणीचा पाया घातला. हे काम करीत असतानाच १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्यांचे निधन झाले. एका पायारेषेच्या अचूकतेवर शेकडो मैलांचा नकाशा उभा राहतो, हा त्या कामाचा धडा होता.

अंदाज आणि त्याची खात्री

यंत्राजवळ दोन प्रकारची माहिती असते. पहिली त्याच्या स्वतःच्या चालीची: चाक किती फिरले, दिशा किती बदलली. दुसरी बाहेरून आलेली: कॅमेऱ्याने टिपलेले चित्र, किंवा लायडार या उपकरणाने प्रकाशकिरण सोडून मोजलेली भिंतीची दूरी. दोन्ही माहितीत चूक असते. पण चुकीचा स्वभाव वेगळा असतो.

चालीच्या हिशेबातील चूक साचत जाते. दिशा केवळ एका अंशाने चुकली, तर १०० मीटर चालल्यावर यंत्र सुमारे पावणेदोन मीटर बाजूस जाते आणि एक किलोमीटर चालल्यावर सुमारे साडेसतरा मीटर. म्हणजे साताऱ्याच्या एखाद्या पेठेत हे यंत्र एका टोकाला योग्य गल्लीत निघाले, तरी दुसऱ्या टोकाला आपण शेजारच्या गल्लीत आहोत असे मानून बसेल. खुणेकडे पाहून मिळणाऱ्या माहितीतील चूक मात्र अशी साचत नाही. ओळखीची खूण पुन्हा दिसली की हिशेब पुन्हा जागेवर येतो.

या दोहोंचा मेळ घालण्याची रीत रुडॉल्फ काल्मन यांनी सन १९६० मध्ये मांडली. तिचे सार शाळेतील गणिताने समजते. समजा, पावले मोजून एका विहिरीपर्यंतचे अंतर १०० मीटर आले आणि त्यात १० मीटरपर्यंत चूक संभवते. दुसऱ्या साधनाने तेच अंतर १०६ मीटर आले आणि त्यात ५ मीटरपर्यंत चूक संभवते. अशा वेळी एकावर विश्वास ठेवून दुसरे फेकून देणे हा शहाणपणा नव्हे. चुकीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वजन दिले, तर पहिल्यास एक वाटा आणि दुसऱ्यास चार वाटे मिळतात. त्यावरून अंतर १०४.८ मीटर येते आणि संभाव्य चूक सुमारे साडेचार मीटरपर्यंत उतरते. दोन अपूर्ण साक्षी नीट तोलल्या, तर कोणत्याही एकीपेक्षा अधिक विश्वसनीय निष्कर्ष निघतो. न्यायनिवाडा करणाऱ्या पंचांना ही गोष्ट निराळी सांगावी लागणार नाही.

यातून एक महत्त्वाची बाब ध्यानात येते. चांगले यंत्र 'मी येथे आहे' एवढेच सांगत नाही. 'मी येथे आहे आणि माझी चूक इतकी असू शकते' असे सांगते. ज्या नकाशाबरोबर चुकीची मर्यादा सांगितलेली नाही, तो नकाशा अर्धाच सांगितलेला आहे असे समजावे.

पुढील संशोधनात याहूनही उपयुक्त गोष्ट आढळली. यंत्राने टिपलेल्या खुणांच्या चुका परस्परांपासून स्वतंत्र नसतात. यंत्र स्वतः दोन मीटर पूर्वेकडे चुकलेले असेल, तर त्याने तेथून पाहिलेली चावडी, देऊळ आणि शाळा ही सर्वच दोन मीटर पूर्वेकडे सरकतात. चावडीपासून देवळाचे अंतर मात्र बरोबर राहते. म्हणजे सारा गाव एकसंध राहून जागेवरून सरकलेला असतो. अशा वेळी एका खुणेची खरी जागा ठामपणे कळली की तिच्याबरोबर इतर सर्व खुणाही आपापल्या जागी येतात. आणि गावाची दिशाही फिरलेली असेल, तर दुसरी ठाम खूण तीही सरळ करते. एखाद-दुसरी पक्की खूण सबंध गाव सावरते, असा हा सिद्धान्त आहे. त्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. पक्की खूण नाहीशी झाली, तर सबंध गावाची मोजणी तरंगत राहते.

फेरा जुळला पाहिजे

यंत्र गावाला वळसा घालून निघाल्या ठिकाणी परत आले की त्याची खरी परीक्षा होते. हिशेबाप्रमाणे ते शाळेपासून आठ मीटर दूर असते. डोळ्यांपुढे मात्र शाळेचेच दार असते. हा आठ मीटरांचा फरक म्हणजे फेऱ्यात साचलेली चूक. ती शेवटच्या पावलावर लादून चालत नाही, कारण ती वाटेत थोडी थोडी जमली आहे. भूकरमापक अशी चूक अंतराच्या प्रमाणात सर्व बाजूंवर वाटून देतो. फेरा ३२० मीटरांचा असेल, तर १०० मीटरवरच्या बिंदूस अडीच मीटर, १६० मीटरवरच्या बिंदूस चार मीटर आणि २६० मीटरवरच्या बिंदूस साडेसहा मीटर सुधारणा मिळते. यंत्राचा संगणक हेच काम हजारो बिंदूंसाठी करतो आणि ज्या भागाची खात्री कमी, त्या भागावर अधिक सुधारणा टाकतो.

परंतु फेरा जुळविताना खूण चुकीची ओळखली गेली, तर अनर्थ होतो. दोन गल्ल्यांच्या टोकाशी सारख्याच बांधणीची, सारख्याच रंगाची दोन देवळे असतील आणि यंत्राने एकास दुसरे समजले, तर ते बरोबर असलेला नकाशाही ओढूनताणून चुकीचा करून टाकील. म्हणून न जुळलेला फेरा परवडतो, चुकीचा जुळविलेला फेरा परवडत नाही. न जुळलेल्या फेऱ्यात चूक दिसते; चुकीच्या जुळवणीत ती झाकली जाते.

उसाचे फड, द्राक्षांच्या ओळी आणि पुराचे पाणी

सातारा-सांगलीची भूमी या दृष्टीने यंत्राची कसोटी पाहणारी आहे. तासगाव परिसरातील द्राक्षबागांत मांडवाखालची प्रत्येक ओळ शेजारच्या ओळीसारखी असते. तेथे चालणाऱ्या यंत्राला सातवी ओळ कोणती आणि आठवी कोणती, हे केवळ पाहून सांगणे कठीण. उसाचे तर रूपच बदलते. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लागतो आणि जवळजवळ दीड वर्ष शेतात उभा असतो. लावणीच्या वेळी उघडा दिसणारा बांध वर्षभरानंतर उसात दिसेनासा होतो. लावणीच्या वेळच्या नकाशावर विसंबून वर्षाने निघालेले यंत्र गोंधळले, तर तो त्या यंत्राचा दोष नव्हे. नकाशालाही वय असते, हे विसरल्याचा तो दोष होय.

खुणा नसल्या म्हणजे काय होते, याचे उदाहरण थेट मंगळ ग्रहावरून मिळते. अमेरिकेचे 'इंजेन्युइटी' हे छोटे हेलिकॉप्टर तेथे १९ एप्रिल २०२१ रोजी प्रथम उडाले. मंगळावर जीपीएस उपग्रह नाहीत. म्हणून हे यान खालच्या जमिनीची चित्रे घेऊन, त्यांतील दगड व ठळक ठिपके मागे कसे सरकतात यावरून आपली चाल ठरवीत असे. पाच उड्डाणांसाठी योजलेल्या या यानाने ७२ उड्डाणे केली. १८ जानेवारी २०२४ रोजीचे शेवटचे उड्डाण मात्र एकसारख्या वाळूच्या लाटांवर झाले. तेथे नजर ठरावी असे फारसे काही नव्हते. चालीचा हिशेब चुकला, उतरताना पात्यांची हानी झाली आणि यान कायमचे जमिनीवर राहिले.

सांगलीकरांना अशी बिनखुणांची जमीन पाहण्यासाठी मंगळावर जावे लागत नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी सांगलीच्या आयर्विन पुलाशी ५७ फुटांवर गेले. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. अशा पुरात रस्ता, बांध, ओढा सर्व एकाच गढूळ पाण्याखाली जातात. वाहते पाणी तर यंत्राच्या कॅमेऱ्याला अधिकच फसविते. पाणी सरकते आणि यंत्राला आपणच सरकलो असे वाटते. अशा वेळी ड्रोनला उपयोगी पडतात त्या पाण्याच्या वर राहणाऱ्या वस्तू: पाण्याची टाकी, देवळाचा कळस, शाळेची गच्ची. त्यांची अचूक जागा पूर आल्यावर मोजता येत नाही. ती आधीच मोजून ठेवावी लागते.

गावठाणावरील ड्रोन

गावकऱ्यांचा या तंत्राशी सर्वांत जवळचा संबंध आला तो गावठाण मोजणीमुळे. शेतजमिनीची मोजणी ब्रिटिश अमदानीतच झाली. परंतु बहुतेक खेड्यांतील गावठाण, म्हणजे घरांची वस्ती, तिच्यातून वगळलेली राहिली. घर पिढ्यान्‌पिढ्या ताब्यात आहे, पण त्याचा मोजलेला नकाशा नाही, अशी स्थिती होती. पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे ड्रोनच्या साहाय्याने गावठाणाची प्रायोगिक मोजणी झाली. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र शासनाने 'स्वामित्व' योजना सुरू केली. राज्याचा भूमि अभिलेख विभाग, भारतीय सर्वेक्षण विभाग आणि ग्रामपंचायती यांच्या सहकार्याने हे काम करावयाचे, अशी तिची रचना आहे.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. गावठाणावर उडणारा ड्रोन चाचपडत वाट शोधणारा नसतो. त्याला उपग्रहाचा आधार असतो आणि जमिनीवरील स्थायी संदर्भ केंद्रांच्या जाळ्याचाही. महाराष्ट्रात अशी ७७ केंद्रे उभारण्यात आली असून, त्यांच्यामुळे उपग्रहाकडून मिळणाऱ्या स्थानातील चूक काही मीटरवरून काही सेंटिमीटरवर येते. परंतु ड्रोनने घेतलेली एकमेकांवर चढणारी शेकडो छायाचित्रे नंतर संगणक जुळवितो, तेव्हा प्रत्येक छायाचित्र कोठून घेतले आणि त्यातील प्रत्येक कोपरा कोठे आहे, ही दोन्ही उत्तरे तो एकत्रच काढतो. गणिताचे कूळ तेच आहे. फक्त उत्तर उड्डाणात न काढता कार्यालयात काढले जाते. यातून १:५०० प्रमाणाचा नकाशा तयार होतो. त्यावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर पाच मीटर.

आणि येथेच ग्रामपंचायतीचे स्थान ठरते. उड्डाणापूर्वी गावातील प्रत्येक मिळकतीची हद्द चुन्याने आखावी लागते. ड्रोनला भिंत दिसते, पण भिंत कोणाची हे दिसत नाही. त्याला छपराची वळचण दिसते, पण वळचणीखालची हातभर जागा कोणाची हे दिसत नाही. दोन घरांतील बोळ सामाईक आहे की एकाचा, परसातील उकिरड्याची जागा कोणाच्या वहिवाटीची, हे आकाशातून कळावयाचे नाही. चुन्याची रेघ जेथे पडेल, तेथे यंत्र प्रामाणिकपणे सेंटिमीटरच्या हिशेबाने हद्द दाखवील. रेघ चुकीची पडली, तर चूकही तितक्याच अचूकपणे नकाशावर उतरेल.

ही बाब विशेषतः ज्यांचा आवाज क्षीण आहे त्यांच्या बाबतीत गंभीर ठरते. चुना टाकण्याच्या दिवशी कोणी कारखान्यावर ऊसतोडीस गेलेला असतो, कोणी मुंबईस नोकरीत असतो. एखादी विधवा माहेरी असते. शेजाऱ्याने आपल्या सोईने ओढलेली रेघ त्यांच्या अनुपस्थितीत नकाशावर येऊ शकते. म्हणूनच नकाशा तयार झाल्यावर जागेवरील पडताळणी, चौकशी आणि हरकती ऐकून घेणे हे टप्पे ठेवण्यात आले आहेत. त्यांनंतरच सनद व मिळकत पत्रिका तयार होते. ही चौकशी म्हणजे केवळ कागदी सोपस्कार नव्हे. यंत्राच्या भाषेत बोलावयाचे तर तोच फेरा जुळविण्याचा क्षण होय. तो घाईने उरकला, तर चूक झाकली जाईल आणि पुढच्या पिढीच्या हाती दाव्याच्या रूपाने येईल.

बोगदे, धरणे आणि दरडी

यंत्राने स्वतः वाट शोधण्याची खरी गरज माणसाला जाणे धोक्याचे असते तेथे भासते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपात कोयना धरणाच्या भिंतीस तडे गेले आणि पुढे तिचे मजबुतीकरण करावे लागले. अशा प्रसंगी धरणाच्या अंतर्गत मार्गिका, जलबोगदे आणि भूमिगत दालने यांची पाहणी माणसाला जीव धोक्यात घालून करावी लागते. उपग्रहाचा संकेत नसलेल्या या जागी लायडार घेऊन शिरणारे यंत्र भिंतीचा नकाशा काढीत पुढे जाऊ शकते. आज काढलेला नकाशा मागील वर्षीच्या नकाशावर ठेवला, म्हणजे भिंत कोठे सरकली तेही दिसते. अट एवढीच की मागील वर्षीचा नकाशा असला पाहिजे आणि दोन्ही नकाशे एकाच पक्क्या खुणेला बांधलेले असले पाहिजेत.

जुलै २०२१ मध्ये अतिवृष्टीने पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळून मनुष्यहानी झाली. दरडीखाली गाव गेल्यावर बचाव पथकाचा पहिला प्रश्न असतो: घरे नेमकी कोठे होती? मातीच्या ढिगावर उभे राहून याचे उत्तर देणे गावकऱ्यांनाही अवघड जाते, कारण ज्यांच्यावरून जागा ओळखावयाची ती झाडे आणि त्या वाटाच नाहीशा झालेल्या असतात. अशा वेळी आधी मोजलेला गावठाणाचा नकाशा आणि दरडीच्या कक्षेबाहेरची एक पक्की खूण हाती असेल, तर कोठे खणावयाचे हे लवकर ठरू शकते. मिळकतीसाठी काढलेला नकाशा येथे जीव वाचविण्याच्या कामी येतो.

कोणी काय करावे

जमिनीच्या सीमा आणि सीमाचिन्हे यांसंबंधी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ यात स्वतंत्र प्रकरण आहे. यंत्रे आली म्हणून त्याचे महत्त्व उणावले नाही. उलट वाढले आहे. रस्त्याचे रुंदीकरण, पाइपलाइनची खोदाई, सभामंडपाचे बांधकाम यांत शिवेचा दगड किंवा मोजणीची खूण उखडली जाणार नाही, याची काळजी ग्रामपंचायतीने कामाचा ठराव करतानाच घ्यावी. गावातील अशा खुणांची यादी करावी, ती दप्तरी ठेवावी आणि वर्षातून एकदा सदस्यांनी प्रत्यक्ष जाऊन पाहावे. मोजणीच्या वेळी बाहेरगावी असलेल्या मिळकतदारांस आगाऊ कळवावे आणि हरकतीची मुदत ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावी.

अधिकाऱ्यांनी नकाशा लोकांपुढे ठेवताना तो कोणत्या दिवशीचा आहे आणि त्यात किती चूक संभवते, हे सोप्या शब्दांत सांगावे. यंत्राचा नकाशा म्हणून त्यास अंतिम शब्द मानण्याची घाई करू नये आणि यंत्राचा म्हणून त्यावर अविश्वासही दाखवू नये. पंच ज्याप्रमाणे साक्षीचे वजन पाहतात, त्याप्रमाणे त्याचे वजन पाहावे.

शिक्षकांच्या हाती तर सर्वांत सोपे साधन आहे. एक होकायंत्र, आलेखाचा कागद आणि विद्यार्थ्यांची पावले एवढ्यावर हा पाठ शिकविता येतो. शाळेभोवती फेरा मारावा, प्रत्येक वळणावर दिशा व पावले लिहावीत आणि कागदावर आकृती काढावी. आकृतीचे शेवटचे टोक पहिल्यास मिळणार नाही. ते का मिळाले नाही, फरक किती पावलांचा आहे आणि तो सर्व बाजूंवर कसा वाटावा, याची चर्चा वर्गात करावी. नंतर हाच फेरा दोन ओळखीच्या खुणा आधी कागदावर घेऊन पुन्हा मारावा आणि फरक किती कमी झाला ते पाहावे. ज्या मुलांनी एकदा न जुळलेला फेरा स्वतःच्या हाताने जुळविला, ती पुढे कोणत्याही नकाशाकडे डोळस नजरेने पाहतील.

स्वयंचलित यंत्रांची दृष्टी तीक्ष्ण आहे आणि त्यांचा हिशेब जलद आहे. परंतु ती कशाच्या आधारे उभी राहतात हे पाहिले, तर अखेर दगड, कळस, भिंतीचा कोपरा आणि चुन्याची रेघ एवढेच दिसते. खूण खरी आहे की नाही हे यंत्रास ठरविता येत नाही. ती खरी ठेवणे, जपणे आणि तिच्याविषयी वाद उत्पन्न झाल्यास चारचौघांत बसून मिटविणे, हे काम गावाचे आहे आणि ते गावाकडेच राहणार आहे.